चिलीम सुटल्यानंतरचा संसार

तुम्ही गेलात तेव्हापासून लोक येतात, ओसरीवर बसतात, पाणी पितात आणि उठायच्या आधी एकदा तरी तेच म्हणतात, चिलीम सोडून काय मिळालं बिचाऱ्याला? मी पदर सावरते आणि रिकामा तांब्या उचलून आत नेते. सुरुवातीला मी उत्तर देत होते. पटकीनं नेलं, छातीनं नाही, असं सांगत होते. आता सांगवत नाही. अंजनगावात नात्यातली घरं थोडी नाहीत, आणि प्रत्येक घराला नव्यानं समजावायचं म्हणजे तुम्हाला रोज नव्यानं आजारी पाडायचं. म्हणून आज तुमच्याशीच बोलते. तुम्हाला यातलं बहुतेक ठाऊक आहे, पण ज्याला ठाऊक आहे त्याच्याजवळच बोलावंसं वाटतं.

मी या घरात आले तेव्हापासून पहाटेचा पहिला विस्तव तुमच्या चिलमीचा. तवा नंतर चढायचा. नुसती फुंकर मारून तमाखू धरत नाही, चिलीम ओढूनच पेटवावी लागते. त्यामुळे पहिला झुरका माझा, दुसराही माझाच. मला ते सासूबाईंनी शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या सासूनं. मग ती तुमच्याकडे जायची, तुमच्याकडून मोठ्या भाऊजींकडे, आणि दोघे भाऊ धुराआड बसून दिवसाची कामं ठरवायचे. भांडणही तिथंच व्हायचं आणि मिटायचंही तिथंच. चिलीम सोडली तेव्हा तमाखूपेक्षा ती बैठक तुम्हाला जास्त आठवली असेल, असं मला आता वाटतं. तेव्हा सुचलं असतं तर विचारलं असतं.

तुमची छाती वाजायला लागली ते कापसाच्या त्या सालांमध्ये. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली आहे, म्हणून विलायतेला आपल्या वऱ्हाडचा कापूस हवा आहे, असं दलाल सांगत फिरायचे. ज्या वावरात ज्वारी व्हायची तिथंही कापसाची पऱ्हाटी उभी राहिली. बैलांच्या शिंगांना चांदीची कडी आली. कापूस वाहणारी तुमची बैलबंडी अंगणात दोन दिवस टेकत नव्हती. अमरावतीहून आलात की कापूस तुमच्या मिशांत, कानांत, पागोट्याच्या घड्यांत. बसून खोकायचात, खोकला थांबला की चिलीम मागायचात, ओढली की परत खोकायचात. रात्री आडवं होता येईना. भिंतीला पाठ लावून झोपायचात आणि तुमच्या छातीतून दाराच्या जुन्या बिजागरीसारखा आवाज यायचा. मी त्या आवाजाला सरावले होते. माणूस कशालाही सरावतो.

मग पूर्णा नदीच्या उतारावर भरलेली बंडी चिखलात रुतली. तुम्ही चाकाला खांदा दिला आणि तिथंच बसलात. श्वास आत जाईना. ओठ काळे पडले होते, असं बरोबरच्या गाडीवानांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी तुम्हाला कापसावर आडवं टाकून अमरावतीला नेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या हकिमानं तुमच्या पाठीला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला की तुझ्या छातीत कापसाची धूळ आहे आणि तमाखूचा धूर आहे. दोन्ही सोसायची तिची ताकद नाही. कापूस तुला सोडवणार नाही, तेव्हा दुसरं तरी सोड.

घरी आलात तेव्हा तुम्ही ओसरीवर न थांबता सरळ चुलीपाशी आलात. एरवी तिथं कधी यायचा नाहीत.

"उद्यापासून चिलमीले इस्तो नोको आणू," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "अन् मी?"

"तूही सोड. पेटवता पेटवता अर्धी तर तूच ओढते."

तुम्ही हसलात आणि हसता हसता खोकलात. मला हसू आलं नाही. माझी सवय कुणाच्या हिशेबात असेल असं मला वाटलंच नव्हतं. तुम्ही ती पाहिली होती, आणि एवढी वर्षं बोलला नव्हतात.

ते पहिले दिवस आठवले की अजून अंग जड होतं. भाकर पुढं ठेवली तर जाड झाली म्हणून उठून जायचात, पातळ केली तर पोट भरत नाही म्हणायचात. माझं डोकं सकाळपासून ठणकायचं. चुलीपुढं बसले की हात आपसूक निखाऱ्याकडे जायचा आणि मी तो पदरात गुंडाळून धरायची. पोट साफ होईना म्हणून दोघंही हिरड्याचं चूर्ण घ्यायचो आणि तोंड वाकडं करून एकमेकांकडे बघायचो. एक दिवस तुम्ही धाकट्या बैलाला चाबकानं मारलंत. तुमचा हात जनावरावर कधी उठला नव्हता. मग बराच वेळ त्याच्या वशिंडावर कपाळ टेकून उभे राहिलात. मी गोठ्याच्या दारात आले आणि तशीच मागं फिरले. त्या वेळी तुम्हाला कुणी पाहायला नको होतं.

खोकला कमी होईल या आशेवर सगळं चाललं होतं आणि तो तर वाढला. काळपट कफ पडायला लागला. मोठ्या भाऊजींना तेवढंच हवं होतं. चिलमीनं कफ दाबून ठेवला होता, सोडली म्हणून तो उसळला, असं ते येईल त्याला सांगत. जुनी सवय एकाएकी तोडली की शरीर सूड घेतं, अमका असाच गेला, तमका असाच गेला. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. फक्त त्यांच्या बैठकीत बसायचं सोडलंत, कारण तिथं बसलं की चिलीम फिरत फिरत तुमच्यापुढं यायचीच. त्यांना वाटलं भाऊ तुटला. तुम्ही तुटला नव्हतात, तुम्हाला तिथं बसून नाही म्हणणं जमत नव्हतं एवढंच. हे त्यांना तुम्ही सांगितलं नाहीत. मी सांगणं शक्यच नव्हतं. त्यांच्यासमोर मी पदर ओढून भिंतीशी व्हायची, आणि लग्न झाल्यापासून आमच्यात थेट एक शब्द झाला नव्हता.

बैठक सुटली तेव्हा तुम्ही अंबाडीचे दोर वळायला घेतलेत. हाताला काम हवं म्हणून. सकाळी उठून दोर, जेवून दोर. घरात इतके दोर झाले की मी शेजारीपाजारी वाटले. जीभ वळवळली की गूळ आणि फुटाणे. तुमच्या अंगरख्याचे बंद पोटावर पुरेनात तेव्हा जाऊबाईंनी मला विचारलं, काय व, काय खाऊ घालते? मी म्हटलं, जे मागतात ते.

बदल केव्हा झाला ते नेमकं सांगता येत नाही. एक दिवस लक्षात आलं की पहाटे मी कशानं तरी जागी झाले आणि तो आवाज नव्हता. मी घाबरून तुमच्या नाकाशी हात धरला. तुम्ही आडवे झोपला होतात, सरळ, उशी घेऊन, आणि छाती नुसती वर-खाली होत होती. मी उठले नाही. तशीच पडून ऐकत राहिले.

आणि तो अंबाडीच्या भाजीचा दिवस. पहिला घास घेऊन तुम्ही थांबलात, मला वाटलं खारट झाली.

"भाजीत हिंग कवापासून टाकून राहिली?"

"लगन झालं तवापासून," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मीच काही लपवून ठेवलं होतं. मग ताट पुसून जेवलात. त्यानंतर तुम्हाला सगळ्याचाच वास यायला लागला. ओल्या सरकीचा, बैलांच्या घामाचा, पाऊस येण्याआधीच्या काळ्या मातीचा. येता-जाता सांगायचात. मलाही येत होते ते वास, पण मी बोलून दाखवत नव्हते. तुम्ही नवं काही सापडल्यासारखे सांगत होतात, त्यात मला भर घालायची नव्हती.

मूर्तिजापूरला आपल्या लेकीकडे गेलो होतो, ती वाट मी रोज एकदा तरी आठवते. तिचा मुलगा, आपला नातू, आधी तुमच्याजवळ आला की तोंड फिरवून रडायचा, तमाखूचा वास त्याला सहन व्हायचा नाही. त्या खेपेला तो तुमच्या मांडीवर झोपला. पण मला आठवते ती वाट. मी बंडीत बसले होते आणि तुम्ही बैलांच्या बाजूनं चालत होतात. दर्यापूर मागं पडलं तरी चालतच होतात. मी दोनदा म्हटलं, आता बसा. तुम्ही म्हणालात, बसून काय पाहू? चढ आला तेव्हाही तुम्ही बोलत बोलत चढलात. लोखंडी रस्त्यावरून धुराची गाडी येणार, मग कापूस बंडीनं अमरावतीला न्यायचं काम सरेल, असं काहीबाही बोलत होतात. बोलणं माझ्या कानात शिरत नव्हतं. मी फक्त ऐकत होते की माणूस चढावर बोलतो आहे आणि मध्ये थांबत नाही.

सगळं असंच सरळ गेलं असतं तर मी तुम्हाला हे सांगत बसले नसते. अकोल्याला तुम्ही परत ओढलीत. आगगाडी तिथवर आली होती, स्टेशनाबाहेर कापसाच्या बंड्यांची रांग लागली होती आणि तुम्हाला दिवसेंदिवस खोळंबून राहावं लागलं. सगळे गाडीवान घोळक्यानं बसलेले, थंडी पडलेली, चिलीम फिरत होती. तुम्ही नाही नाही म्हणत एकदा हातात घेतलीत. घरी आलात तेव्हा तुम्ही तोंड उघडायच्या आधी मला वास आला.

तुम्ही दाराशीच बसलात, पाय धुवायलाही उठेनात. म्हणालात, "झालं व. ओढली म्या. इतके दिवस पाण्यात गेले."

मला रागही आला होता आणि खरं सांगू, तो वास नाकात गेल्यावर मलाही तलफ आली होती. मी म्हटलं, "ते दिवस कुठं नाई गेले. ते जगून झाले. आज नोका ओढू."

"अन् उद्या?"

"उद्याचं उद्या पाहू."

मी काही शहाणपणानं बोलले नव्हते. दमले होते आणि उद्याचा विचार माझ्यानं होत नव्हता. पण तुम्ही तेच धरून बसलात. त्यानंतर रोज सकाळी बैल जुंपताना मला ऐकू जाईल असं म्हणायचात, आज नाई. कधी हसत, कधी दात आवळून. सोडून कितीही काळ झाला तरी तुम्ही कधी म्हणाला नाहीत की मी चिलीम सोडली. म्हणायचात, आज नाई.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. हकिमानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या, धूर आणि धूळ. धूर गेला, तर धूळही सोडा, असं मी म्हणत होते. बंडी विका, वावर पाहा, घरी राहा. तुम्ही म्हणायचात, कापसाचा भाव आहे तोवर वाहू दे. मग भाव पडला. ती दूरची लढाई संपली, दलाल दिसेनासे झाले, कापसाच्या गंज्या तशाच पडून राहिल्या. मी म्हटलं, आता तरी. तुम्ही म्हणालात, आता तर वाहायलाच पाहिजे, हातात काय उरलं आहे? शेवटच्या खेपेच्या आदल्या दिवशी यावरूनच आपल्यात अबोला होता. मी शिदोरी बांधली, तुम्ही ती उचलली, झालं. वाटेतल्या मुक्कामाला कुठल्याशा विहिरीचं पाणी प्यायलात आणि पटकी घरी घेऊन आलात. मी बरोबर होते आणि तुम्ही चूक होतात, असं मनात म्हणून पाहिलं. त्यात काही समाधान नाही. तुम्हीही बरोबर होतात. घर त्या बंडीवर चालत होतं.

एका दिवसात तुम्ही वाळून गेलात. डोळे खोल गेले, आवाज बसला, पायांना गोळे येत होते. मी पाय चोळत होते. तुम्ही पाणी मागत होतात आणि पाणी पोटात ठरत नव्हतं. त्या सगळ्यात मी एक पाहिलं, तेच मी लोकांना सांगायचा प्रयत्न करत होते आणि कुणाला ते कळलं नाही. शेवटपर्यंत तुमची छाती वाजली नाही. श्वास हळू झाला, लांब झाला, आणि थांबला. धडपड नाही, घरघर नाही. पूर्णेच्या उतारावर तुम्ही ज्या मरणाच्या दाराशी गेला होतात, त्या मरणानं तुम्ही गेला नाहीत. मधली ती सालं आपली होती. आडवं झोपायची, हिंगाचा वास येण्याची, चढावर बोलण्याची. लोक विचारतात काय मिळालं. हे मिळालं.

तुम्हाला नेलं त्या संध्याकाळी जाऊबाई माझ्याजवळ चिलीम घेऊन बसल्या. त्यांच्या मनात माया होती, मी त्यांना दोष देत नाही. म्हणाल्या, "घे व माय, दोन झुरके घे. जीव हलका होईल." मी हातात घेतली. ऊब लागली हाताला. ओढावी असं इतकं वाटलं की डोळ्यांपुढं दुसरं काही नव्हतं. तुमच्यासाठी म्हणून मी ती परत दिली असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी ती परत दिली कारण एकदा ओढली की पुन्हा सोडावी लागली असती, आणि पुन्हा सोडायची ताकद आता माझ्यात नाही.

दहाव्याला शहानूर नदीच्या काठी मोठ्या भाऊजींनी पिंडापाशी तुमच्यासाठी चिलीम ठेवली. तुमचा जीव तिच्यात अडकला आहे असं त्यांचं म्हणणं. मी तिथं नव्हते, जाऊबाईंनी सांगितलं. चिलीम पेटती हवी म्हणून त्यांनी स्वतः ओढून पेटवली आणि त्यांना असा खोकला लागला की दोघांनी धरून त्यांना वाळूवर बसवावं लागलं. कावळे झाडावर होते, खाली येईनात. भाऊजी काय काय बोलले म्हणे. तुझे बैल विकणार नाही, तुझ्या बाईला अंतर देणार नाही. शेवटी कुणीतरी चिलीम उचलून पाण्यात टाकली, मग बऱ्याच वेळानं कावळा आला. धुराला बुजले असतील. मी त्यात जास्त काही शोधत नाही. पण भाऊजी त्या दिवसापासून चिलमीची बाजू घेत नाहीत. वाळूवर बसल्या बसल्या त्यांनी कुणाला आठवलं असेल ते मला कळतं.

आज सकाळी मी चुलीपाशी होते. अंगणात खोकला ऐकू आला, जवळ येत गेला आणि दाराशी थांबला. मी पदर ओढला आणि उठून भिंतीशी होणार, तर भाऊजी बाहेरूनच म्हणाले, "बस, बस." दारापलीकडून त्यांची छाती वाजत होती. तो आवाज मला ओळखीचा होता.

"कसं सोडलं तुमी दोघायनं?"

इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले. मला वाटलं, हे तुम्हाला विचारायला हवं होतं त्यांनी. तुम्ही किती वाट पाहिली असेल याची. गोठ्यातून, दोर वळता वळता, त्यांच्या बैठकीकडे किती वेळा मान वळवायचात ते मी पाहिलं आहे. आणि आता ते विचारत आहेत तर उत्तर द्यायला मी उरले, जिला धड बोलायची शक्ती नाही. पुन्हा एका माणसाचं चिडणं, पुन्हा ती टाकून उठलेली ताटं, पुन्हा हिरडा. नको वाटलं मला. क्षणभर खरंच वाटलं की म्हणावं, मला ठाऊक नाही, जा.

पण ते दारात उभे होते आणि त्यांना उभं राहवत नव्हतं.

मी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "पहिले पहिले खोकला वाढते, भाऊजी. तवा भिऊ नोका. कफ पडते, तो पडू द्या. जीव चिडते. रोज फक्त त्या दिवसापुरतं पाहा."

मग त्यांनी विचारलं, "अन् तलफ? ते कवा जाते?"

यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मी शोधलं. तुम्ही यावर कधी बोलला नव्हतात, आणि मीही विचारलं नव्हतं. तिच्या शेवटापर्यंत आपण दोघंही पोचलो नाही.

"मले ठाऊक नाई," मी म्हटलं. "मले अजून येते. येते अन् जाते."

भाऊजी खाली पायरीवर बसल्याचा आवाज आला. मी परातीत पीठ घेतलं आणि त्यांच्यासाठी भाकर थापायला लागले.